सत्तावीस नंबरच्या डब्याचं वजन

घाईताई हे नाव तिला कारखान्यानं दिलं होतं, आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर अवघ्या तीन दिवसांत तिनं ते कमावलं होतं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, चहा उभ्यानं प्यायची आणि वाक्याचा शेवट समोरच्याच्या अंदाजावर सोडून द्यायची. सहाचा भोंगा संपेपर्यंत ती फाटकाबाहेर असायची.

कारखाना तसा लहान. रुग्णालयातल्या खाटांखाली जी फिरती चाकं असतात ती तिथं बनायची, रोज चारशे. चाकाला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू मात्र बाहेरून यायच्या: बेअरिंग, पिना, रबर, आणि आत धूळ जाऊ नये म्हणून बसवायची फेल्टची, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाची, चकती. यातलं काय, कधी आणि किती मागवायचं हे बघणं घाईताईचं काम. एक पिन कमी पडली तरी चारशे चाकं अडतात आणि पिनेचं काही जात नाही, बोलणी माणसाला बसतात.

रजेवर जाण्याआधी तिनं नवी सिस्टीम मालकांच्या गळी उतरवली होती. स्टोअरमध्ये चाळीस मोठे डबे आणि प्रत्येकाखाली एक वजनकाटा. माल कमी झाला की काटा संगणकाला सांगणार, आपला संगणक पुरवठादाराच्या संगणकाला ऑर्डर धाडणार, आणि दुसऱ्या दिवशी माल दारात. मध्ये वही नाही, चिठ्ठी नाही, "अहो, तेवढं पाठवताय ना" असा फोन नाही.

मालकांना नेमका फोन आवडायचा. त्यांनी कारखाना फोनवरच उभा केला होता. पण दुपारनंतर घरून काम करायची घाईताईची मागणी ऐकून त्यांनी अट घातली.

"एक महिना," ते म्हणाले. "महिनाभर कुणी फोन करून माल मागवायचा नाही आणि लाइन एक मिनिट थांबायची नाही. जमलं तर तू म्हणतेस तसं. दोनपर्यंत इथं, पुढचं घरून. नाही जमलं तर काटे भंगारात, आणि तू सहापर्यंत इथंच."

"जमेल, साहेब."

"मला नाही वाटत. घरी बसून स्टोअर दिसत नाही गं. त्याला स्टोअरातच असावं लागतं."

बाळ साडेचार महिन्यांचं होतं. सकाळ सासूबाई सांभाळायच्या. दुपारी त्यांचा शिवणाचा वर्ग असायचा. "अठरा जणी कात्र्या घेऊन बसतात, तिथं बाळ नको," असं त्या म्हणायच्या आणि ते खरंच होतं. दुपार सध्या शेजारच्या ताईंकडे होती, पण त्या महिनाअखेरीस घर बदलणार होत्या. म्हणजे महिना नीट पार पडला तर दुपार तिची. नाहीतर नोकरी सोडायची. तिसरी वाट तिनं पुष्कळ शोधली होती, सापडली नव्हती.

पंचवीस दिवस सगळं कसं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं. सव्विसाव्या दिवशी मीटिंगमध्ये सिस्टीम बसवणारा सल्लागार पडद्यावर आलेख दाखवू लागला. या तरुणाला सगळे डॅशबोर्ड म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात दर तिसरा शब्द तोच असायचा. एकोणचाळीस डब्यांच्या रेषा खाली उतरत होत्या, माल आला की वर उडी घेत होत्या, पुन्हा उतरत होत्या. सत्तावीस नंबरची रेषा तेवढी गेले दहा दिवस हळूहळू वर चढत होती.

"हे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"फेल्टच्या चकत्या," घाईताई म्हणाली. "डब्यात तीन हजार आठशे दाखवतायत. काल पंचवीस कमी होत्या."

"आपण मागवल्या?"

"नाही."

"वापरल्या?"

"रोज चारशे वापरतोय. चाकं उघडून बघितली मी, फेल्ट बसवलेलं आहे."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे आपण रोज चारशे काढतोय आणि रोज पंचवीस वाढतायत."

"यालाच उणे वापर म्हणतात," डॅशबोर्ड म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "सर, हे फार दुर्मिळ आहे. सिस्टीम शिकतेय. तिचा अंदाज आहे की याच गतीनं दोन वर्षांत फेल्टचा एक डबा वाढवावा लागेल. मी यावर परिषदेत निबंध वाचणार आहे."

"तुझा काटा बिघडलाय," मालक म्हणाले.

"काटा मी दोनदा तपासला, सर. दूरवरून."

मालकांनी घाईताईकडे बघितलं आणि खिशातला फोन काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवला. तिला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. फेल्ट बनवणाऱ्या काकूंचा. घाईताईनं आधी मनाशी तपासून घेतलं की आलेला फोन घेतला तर अट मोडत नाही, आणि मगच उचलला.

"मला एकदा तोंडावर सांगून टाका," काकूंचा आवाज जड झाला होता. "वीस वर्षांचे संबंध. तुम्ही स्वतः फेल्ट बनवायला लागलात का?"

"नाही हो काकू. असं कसं वाटलं तुम्हाला?"

"माझा संगणक सांगतोय. तुमच्याकडचा साठा वाढतोय आणि माझ्याकडून तर काही गेलं नाही. माझा लेक म्हणाला, आई, त्यांनी मशीन घेतलेलं दिसतंय, रोज पंचवीसचंच निघतंय म्हणजे अजून हात बसलेला नाही."

"काकू, आमच्याकडे मशीन नाही. काहीतरी गडबड आहे, मी शोधते."

"शोध बाई. मला रात्री झोप नाही. मशीन रिकामं ठेवलेलं बघवत नाही म्हणून चकत्या पाडून ठेवतेय नुसत्या. आणि त्या मुलानं त्या पंचवीस चकत्यांच्या जाडीचे काय दिवे लावले असतील देव जाणे."

"कुठल्या मुलानं?"

"तुमच्या मशीनवरच्या."

फोन ठेवून घाईताई स्टोअरच्या दाराशी गेली. दारात नेहमीसारखे पुरवणीकाका स्टुलावर बसलेले होते. गुबगुबीत गादीचं आपलं ते स्टूल त्यांनी वीस वर्षांत कुणाला हलवू दिलेलं नव्हतं. कुणी शंभर पिना मागितल्या की ते नव्वद द्यायचे आणि म्हणायचे, "पुरवून वापरा." उरलेल्या दहा कुठे जायच्या ते त्यांना आणि देवालाच ठाऊक.

"काका, सत्तावीस नंबर बघितला का तुम्ही?"

"बघितला."

"रिकामा आहे का?"

"गच्च भरलाय," काका म्हणाले. आणि जरा थांबून, "हवं तर शपथ घेतो."

ती पुढे सरकली तर काकांनी हात आडवा केला. डॅशबोर्डनंच लावलेल्या पाटीवर बोट ठेवलं: डबे हातानं उघडू नयेत, वजन बिघडतं. पहिल्या दिवसापासून या पाटीला नाकं मुरडणारे काका आज पाटीच्याच बाजूनं बोलत होते, हे घाईताईच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण सहाला बारा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी ती बाळाला वजनाला घेऊन गेली. दवाखान्यातल्या काट्यावर बाळानं नेहमीप्रमाणे एक पाय बाहेर काढला आणि नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे तो आत ठेवला. कार्डावर नवा ठिपका पडला. घरी येऊन पाजल्यावर बाळ तिच्या खांद्यावर झोपलं, आणि ज्यांना खांद्यावर झोपलेलं बाळ ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक असतं की त्यानंतरचा अर्धा तास हलायची सोय नसते. एक हात मोकळा होता. त्या हातात फोन आला.

कारखान्यातल्या पडद्यावर डॅशबोर्डनं सगळ्या रेषा गुळगुळीत करून ठेवल्या होत्या, बघायला बऱ्या दिसाव्यात म्हणून. फोनवर तसं काही नव्हतं. काट्यानं जे जे टिपलं ते सगळं तिथं होतं, उघडंवाघडं. आणि सत्तावीस नंबरची रेषा मुळीच गुळगुळीत नव्हती. दर दोन-तीन तासांनी ती धाडकन खाली येत होती. एकदम अठराशे चकत्या गायब. पंधरा-वीस मिनिटांनी अठराशे चकत्या परत. मग पुन्हा दोन-तीन तास शांत, आणि या शांततेत रेषा केसभर वर.

घाईताईनं रेषेकडे बघितलं. मग मांडीवर पडलेल्या कार्डाकडे बघितलं. जन्मापासूनचे ठिपके, केसभर केसभर वर. मग पुन्हा रेषेकडे.

दर दोन-तीन तासांनी कुणीतरी उठत होतं, घाईघाईनं चार घास पोटात ढकलत होतं आणि पंधरा मिनिटांत परत येत होतं. हे वेळापत्रक तिला पाठ होतं. गेले साडेचार महिने ती तेच जगत होती.

एक चकती दोन ग्रॅमची. अठराशे दुणे छत्तीसशे ग्रॅम.

"आई," तिनं दबक्या आवाजात सासूबाईंना विचारलं, "मांजराचं वजन साडेतीन किलो असतं का हो?"

"कुणाच्या मांजराचं?"

"सर्वसाधारण मांजराचं."

"मी मांजर कधी तोललं नाही," सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "का, आता मांजरंपण संगणकावरून मागवताय?"

"नाही. आलंय आपोआप."

सोमवारी ती पावणेआठलाच स्टोअरच्या दारात उभी होती. पुरवणीकाकांच्या हातात दुधाची वाटी होती. ती लपवायला त्यांनी पाठीमागे नेली आणि निम्मी स्वतःच्या शर्टावर सांडली.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

"कोण किती?"

"काका."

काकांनी वाटी पुढे आणली. "चार," ते म्हणाले. "एक जरा मागे पडतंय, पण पितं."

सत्तावीस नंबरचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर होता, झाकण अर्धं सरकवलेला. आत मऊ फेल्टवर एक करडी मांजर आडवी पसरली होती आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं एकमेकांना तुडवत होती. मांजरीनं घाईताईकडे बघितलं, मीटिंगमध्ये मध्येच कुणी दार उघडलं तर बघतात तशा नजरेनं.

"तुम्ही शपथ घ्यायला निघाला होतात."

"भरलाय म्हणालो. कशानं ते तू विचारलं नाहीस." काका खाली बसले. "साहेबांनी मागच्या खेपेला हिला गाडीत घालून नदीपलीकडे सोडली होती. चालत आली बिचारी. म्हटलं, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत हलवायचं नाही. परवा उघडले. आज हलवणारच होतो."

"आणि लाइनला चकत्या कुठून देत होतात?"

काकांनी छताजवळच्या फळीकडे बघितलं. तिथं रिकाम्या पोत्यांमागे त्यांचा वीस वर्षांचा पुरवून ठेवलेला खजिना होता. पाच हजार चकत्या, सिस्टीमच्या बापालाही माहीत नसलेल्या.

"त्यातल्या किती उरल्यात?"

"मोजल्या नाहीत." घाईताई बघतच राहिली तेव्हा म्हणाले, "आठशे. उद्या संध्याकाळपर्यंत."

घाईताईनं बोटांवर हिशेब केला. डब्यात मांजर आली तेव्हा सोळाशे चकत्या होत्या. साठा दीड हजारावर आला की ऑर्डर जाणार होती. म्हणजे आणखी शंभरच कमी झाल्या असत्या तर आज हा प्रसंग नव्हता. त्या सोळाशेवर आता केस होते आणि आणखीही काही काही होतं. रुग्णालयाच्या चाकात ते चालणार नव्हतं. फोन केला तर अट मोडणार. न करावा तर बुधवारी सकाळी लाइन बंद.

"डबा रिकामा झाला की सिस्टीम स्वतःच मागवेल," ती म्हणाली. "आत्ता हलवू. फेल्टसकट."

काकांनी एक खोकं आणलं. मांजर बाहेर जेवायला गेली तशी दोघांनी चार पिल्लं आणि खालच्या सगळ्या चकत्या उचलून खोक्यात ठेवल्या. मागे पडणारं पिल्लू घाईताईच्या तळहातात मावलं. तिनं ते नकळत खांद्याशी धरलं आणि पाठीवर दोन हलक्या थापा मारल्या. काका बघतायत हे कळल्यावर खोक्यात ठेवलं.

मांजर परत आली. डबा हुंगला, खोकं हुंगलं, काकांकडे एकदा बघितलं आणि खोक्यात जाऊन बसली.

घाईताईचा फोन वाजला. सत्तावीस नंबर: शून्य. ऑर्डर पाठवली. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग आकडा वाचला.

चोवीस हजार.

डॅशबोर्डला तिनं धावतच गाठलं. त्यानं आकडा बघितला आणि अभिमानानं मान हलवली. "बरोबर आहे, मॅडम. पाच मिनिटांत साडेतीन हजारांवर चकत्या संपल्या. सिस्टीमला वाटलं, मागणी भडकली. या वेगानं तर चोवीस हजार अर्ध्या तासाचा माल आहे. खरं तर तिनं संयम दाखवला."

"कमी कर तो आकडा."

"पाठवलेली ऑर्डर सिस्टीममधून बदलता येत नाही. काकूंना फोन करावा लागेल."

घाईताईनं फोन हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि पर्समध्ये टाकून चेन लावली.

मंगळवारी माल यायला हवा होता. आला नाही. काकूंच्या संगणकावरून निरोप आला: मोठी ऑर्डर, उद्या पाठवतो. मंगळवारी संध्याकाळी काकांनी खजिन्यातली शेवटची पिशवी लाइनला दिली आणि बुधवारी सकाळी साडेनऊला लाइनवरून हाक आली की पंधराच चकत्या उरल्यात.

घाईताई फाटक आणि स्टोअर यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती. मालक वरच्या खिडकीत उभे होते. हातात घड्याळ नव्हतं, पण दर मिनिटाला मान वळवून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

तेव्हा पुरवणीकाका उठले. स्वतःच्या स्टुलाकडे त्यांनी क्षणभर बघितलं, जसं माणूस जुन्या घराकडे बघतो. मग खिशातून पातं काढलं आणि गादी उसवली. आत चकत्यांच्या न फोडलेल्या पुड्या होत्या.

"दोनशे," ते म्हणाले. "बसायला बरं पडतं, आणि वेळेला कामाला येतं."

"काका, तुम्ही वीस वर्षं बसलाय यांच्यावर."

"मग? जाडी मोजून बघ."

तपासणीवाल्यानं मोजली. फेल्ट तसं चिवट, पुडीतून सुटताच फुगून मापाला आलं. दोनशे चकत्या म्हणजे चार तास. लाइन थांबली नाही. काका त्या दिवशी उभेच होते.

साडेबाराला टेम्पो आला. दहा पोती, आणि पुढच्या सीटवर स्वतः काकू.

"माल द्यायला नाही आले," त्या उतरता उतरता म्हणाल्या. "तुमचं मशीन बघायला आले."

घाईताई त्यांना स्टोअरमध्ये घेऊन गेली आणि खोकं दाखवलं. काकू बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"रोज पंचवीस म्हणजे हे?"

"हो."

"लेकाला दाखवते," काकू म्हणाल्या आणि फोटो काढायला लागल्या. "म्हणतो हात बसलेला नाही."

एवढ्यात मालक खाली आले. स्टोअरमध्ये जागा नसल्यानं पोती व्हरांड्यात लावली होती. त्यातल्या एकावर ते बसले, जरा आत गेले आणि तसेच राहिले.

"फोन केलास?"

"नाही."

"लाइन थांबली?"

"नाही."

"मग हे दोन महिन्यांचं फेल्ट माझ्या व्हरांड्यात काय करतंय?"

खोटं सांगणं सोपं होतं. डॅशबोर्डनं मागणीच्या भडक्यावर पूर्ण पानभर मजकूर तयार ठेवला होता. पण घाईताईनं सगळं सांगितलं, मांजरीपासून गादीपर्यंत. काकांनी मध्येच खोकं पायानं मागे सरकवायचा प्रयत्न केला, आतून म्यांव आलं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," मालक म्हणाले. "काट्याला मांजर कळत नाही. त्याला स्टोअरात माणूस लागतं."

"स्टोअरात माणूस होतं, साहेब. काका होते. मीही होते. अकरा दिवस मी इथं बसून त्या रेषेकडे बघितलं आणि मला फेल्टच दिसलं." तिनं पर्समधून बाळाचं कार्ड काढलं आणि फोनवरच्या रेषेशेजारी धरलं. "कळलं ते घरी. बाळ खांद्यावर होतं तेव्हा."

मालकांनी कार्ड बघितलं. फोन बघितला. पुन्हा कार्ड.

"हा इथं ठिपका खाली का आलाय?" त्यांनी कार्डावर बोट ठेवलं.

"सर्दी झाली होती."

"आता बरं आहे?"

"बरं आहे."

मालक पोत्यातून उठायचा प्रयत्न करू लागले. काकूंनी हात दिला. "उद्या महिना संपतो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "परवापासून दोनला जा. आणि मांजर…" सगळे थांबले. "नदी लांब आहे. पेट्रोल जातं."

डॅशबोर्डनं निबंध रद्द केला नाही, फक्त नाव बदललं. सिस्टीमला त्यानं नवा नियम शिकवला: माल आपोआप वाढायला लागला तर आधी डबा उघडून बघा. ती जुनी पाटी काढली.

पहिल्या दिवशी दोनचा ठोका पडला आणि घाईताई निघाली. सवयीनं धावतच निघाली, फाटकाशी लक्षात आलं की धावायचं कारण नाही, आणि मग तरीही धावली.

तीनच्या सुमारास बाळ दूध पिऊन खांद्यावर झोपलं. तिनं मोकळ्या हातानं फोन उघडला. चाळीस रेषा आपापल्या परीनं उतरत होत्या. खाली एक्केचाळिसावी होती, कालपर्यंत नसलेली. नाव फक्त "खोकं". काट्यांकडे बघून आयुष्यात एकदाही चांगलं न बोललेल्या पुरवणीकाकांनी अडगळीतला जादा काटा स्वतः जोडून घेतला होता.

त्यांचा निरोपही होता: मागचं पिल्लू आज किती भरलं ते बघून सांग, माझा चष्मा घरी राहिलाय.

एका पिल्लाचं वजन वेगळं कळत नाही, सगळ्यांचं मिळूनच कळतं, असं ती लिहायला गेली. तेवढ्यात रेषा धाडकन साडेतीन किलोनं खाली आली. घाईताईनं लिहिणं थांबवलं आणि बाळाच्या पाठीवर हात फिरवत वाट बघत बसली. आठ मिनिटं. बारा मिनिटं. चौदाव्या मिनिटाला रेषा पुन्हा वर आली.

"आली बरं," ती बाळाच्या कानात म्हणाली, आणि मग काकांना उत्तर लिहिलं: वाढतंय.